व्हीपीएन घेताय? आधी एवढं पाहा

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतला कमावता माणूस दुबईत किंवा शारजात असतो. सुट्टी संपवून तो निघाला, की घरातला एखादा तरुण त्याच्या मोबाइलमध्ये फुकटचं व्हीपीएन टाकून देतो. आता व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागेल, इकडच्या मालिकाही दिसतील! हेतू चांगलाच असतो. पण हे अ‍ॅप काय करतं ते आधी समजून घ्यावं, असं आम्हाला वाटतं.

आपण कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातो, हे एरवी इंटरनेट कंपनीला दिसतं. व्हीपीएन सुरू केलं, की आपली सगळी ये-जा बंद लिफाफ्यात व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे. आता इंटरनेट कंपनीला ती दिसत नाही, व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. म्हणजे आपली अमानत एका हातातून दुसऱ्या हातात गेली, इतकंच. तो दुसरा हात कुणाचा, हाच खरा प्रश्न आहे.

फेसबुकचं ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे फुकटचं व्हीपीएन माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली चालायचं. प्रत्यक्षात लोक मोबाइलवर काय वापरतात, याची माहिती कंपनी स्वतःच्या धंद्यासाठी गोळा करत होती. २०१९ मध्ये ते बंद झालं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने या प्रकरणी मेटाच्या दोन कंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

म्हणून निवडताना पाहावं: मालक कोण आहे? कंपनीचा खर्च कशातून निघतो? ‘नोंदी ठेवत नाही’ या दाव्याची बाहेरच्या तपासनीसांनी तपासणी केली आहे का? अ‍ॅप फोटो किंवा संपर्कयादी मागत असेल, तर ते काढून टाकावं. भारतात २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते ५ वर्षं जपायचे आहेत. त्यामुळे एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क अशा कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले.

अमिरातीत तर कायदाच कडक आहे. २०२१ च्या सायबर कायद्याप्रमाणे गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आपला इंटरनेट पत्ता बदलला, तर कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. कंपनीच्या कामासाठी व्हीपीएन वापरणं वेगळं आणि बंदी चुकवण्यासाठी वापरणं वेगळं. घरी बोलायला तिथे ‘बोटिम’सारखी परवानाधारक अ‍ॅप आहेत, तीच वापरावीत.

मालिकांचंही तसंच. नेटफ्लिक्ससारख्या सेवा व्हीपीएन ओळखतात आणि अडवतात. भरलेले पैसे वाया जायचे. शिवाय वर्गणी घेताना आपण त्यांच्या अटी मान्य केलेल्या असतात, आणि केलेला करार पाळणं आपल्यावर बंधनकारक आहे.

सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या खासगी गोष्टी धुंडाळायला मनाई आहे. मग स्वतःच्या घराची खासगी गोष्ट अनोळखी माणसाच्या हाती का द्यावी? आज रात्री परदेशातल्या मुलाचा फोन आला, की तब्येतीसोबत एवढंही विचारा: बेटा, तुझ्या मोबाइलमध्ये कोणतं व्हीपीएन आहे, आणि ते कुणाचं आहे?