आपत्तिकालीन विदा-पुनःस्थापन

आग, पूर, भूकंप, वीजपुरवठ्यातील खंड, यंत्रांतील बिघाड, मानवी चूक किंवा हेतुपुरस्सर केलेला घातपात यांमुळे संगणकांत साठविलेली माहिती (विदा) नष्ट झाल्यास ती ठराविक मुदतीत परत मिळवून संस्थेचे व्यवहार पुन्हा सुरू करण्यासाठी आगाऊ केलेली व्यवस्था. व्यवसाय-सातत्य नियोजनाचा हा एक भाग होय. सातत्य नियोजनात इमारती, कर्मचारी, पुरवठादार, दळणवळण या सर्वांचा विचार होतो, तर विदा-पुनःस्थापनात प्रामुख्याने संगणकीय माहिती व ती चालविणारी यंत्रणा यांचा विचार होतो.

कागदी खातेवह्यांच्या काळात एखादी वही जळाली, तरी पावत्या, पत्रव्यवहार व दुसऱ्या पक्षाच्या नोंदी यांवरून ती बऱ्याच अंशी फिरून लिहिता येत असे. संगणकीकरणानंतर मूळ नोंदच चुंबकीय माध्यमावर होऊ लागली आणि ती नाहीशी झाल्यास तिची जागा घेणारे दुसरे साधन उरले नाही. म्हणून मोठ्या संस्था चुंबकीय फितींच्या प्रती दूरच्या इमारतीत ठेवू लागल्या. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत इतरांसाठी सज्ज संगणक भाड्याने राखून ठेवणारी केंद्रेही निघाली. [→ संगणक].

दोन मापे : नियोजनाचा पाया दोन मापांवर रचलेला असतो. किती काळाची विदा गमावणे संस्थेला परवडेल, हे पहिले माप. यास ‘पुनःस्थापन-बिंदू’ म्हणतात. व्यवहार किती वेळ बंद राहणे परवडेल, हे दुसरे. यास ‘पुनःस्थापन-कालावधी’ म्हणतात. उदा., एखादी सहकारी बँक रोज रात्री १० वाजता प्रत घेत असेल आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता तिची यंत्रणा निकामी झाली, तर १८ तासांतील सर्व नोंदी जातात. त्यात दिवसभराचे भरणे व काढलेल्या रकमा येतात. एवढी हानी चालणार नसेल, तर प्रती अधिक वेळा घ्याव्या लागतात. दोन्ही मापे जितकी लहान, तितका खर्च अधिक. म्हणून प्रत्येक कामासाठी ती स्वतंत्रपणे ठरवितात. ठेवीदारांच्या खात्यांना जी तातडी असते, ती जुन्या परिपत्रकांना नसते.

प्रती व पर्यायी केंद्रे : राखीव प्रत (बॅकअप) पूर्ण असते किंवा मागील प्रतीनंतर झालेल्या बदलांपुरतीच असते. विदेच्या एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर व त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी असावी, हा नियम सर्वमान्य आहे. प्रतिबिंबन म्हणजे राखीव प्रत नव्हे. प्रतिबिंबनात मूळ ठिकाणी झालेला प्रत्येक बदल लगेच दुसऱ्या ठिकाणी उतरतो. त्यामुळे चुकून पुसलेली नोंद तेथेही पुसली जाते.

पर्यायी केंद्रांचे तीन प्रकार आहेत. शीत केंद्रात केवळ जागा व वीज असते, मध्यम केंद्रात यंत्रे असतात पण विदा अद्ययावत नसते आणि उष्ण केंद्र तत्काळ काम हाती घेऊ शकते. केंद्र फार जवळ असल्यास एकच संकट दोघांनाही गाठते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, अशा प्रसंगी एकाच शहरातील दोन्ही केंद्रे अडचणीत येऊ शकतात. उलट, अंतर वाढले की संदेशास विलंब लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लक्ष किमी. जात असल्याने १,००० किमी. अंतरावर जाऊन येण्यास किमान १० मिलिसेकंद लागतात. म्हणून जवळ एक तत्क्षण-प्रतीचे व दूर दुसरे अशी दुहेरी रचना अनेक वित्तसंस्था करतात.

अनुभव : ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथील हल्ल्यात कॅन्टर फिट्झजेराल्ड या रोखे-व्यवसायातील संस्थेचे ६५८ कर्मचारी मृत्युमुखी पडले. न्यू जर्सीतील समांतर यंत्रणेमुळे तिचे व्यवहार दोन दिवसांत सुरू झाले. परंतु गेलेल्या माणसांचे ज्ञान कोणत्याही प्रतीत नव्हते. २०१७ च्या जानेवारीत गिटलॅब या संस्थेतील एका तंत्रज्ञाने चुकीच्या यंत्रावरील विदा पुसली. त्या वेळी प्रती घेण्याच्या अनेक पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचे उघड झाले, सु. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीमुळे ती सावरली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे निकामी केले. जाळ्याच्या मूळ नोंदींच्या जगभरच्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या असल्याने सर्व पुसल्या गेल्या. घानातील एक तेवढी वीज गेल्याने जाळ्याबाहेर राहून वाचली. सु. ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारण्यात आले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय विदा केंद्रास आग लागून ८५८ टेराबाइट दस्तऐवज नष्ट झाले. साठा फार मोठा असल्याने त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती.

भारतात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार काही तास बंद पडले. त्यानंतर गंभीर खंड पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती घोषित करावी व पुढील ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे, असे सेबीने बाजारसंस्थांना ठरवून दिले. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, खास सत्र भरवून पर्यायी केंद्रातून प्रत्यक्ष उलाढाल करून पाहण्यात आली.

चाचणी : वरील उदाहरणांवरून दिसते की, प्रत असणे आणि तिच्यावरून काम पुन्हा चालू करता येणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून ठराविक काळाने प्रत प्रत्यक्ष उतरवून पाहणे, लागलेला वेळ नोंदविणे, किमान एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवणे आणि आपत्ती घोषित करण्याचा अधिकार कोणाचा, हे लेखी ठरविणे आवश्यक असते. योजनेची छापील प्रत संगणकाबाहेर ठेवतात आणि प्रत्येक जबाबदारीसाठी दोन व्यक्ती नेमतात. सातत्य व्यवस्थापनाच्या आयएसओ २२३०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही (२०१२, सुधारित २०१९) अशा सरावांवर भर दिलेला आहे.