उठून जाता न येणारा श्रोता

नागपूरचं मध्यवर्ती कारागृह शहराला आठवतं ते बातमीपुरतं. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे पाच कैदी पळाले तेव्हा आठवलं, त्याच वर्षी ३० जुलैला याकूब मेमनला फाशी झाली तेव्हा आठवलं, पुढे इथे ठेवलेल्या प्रा. जी. एन. साईबाबांमुळे ‘अंडा सेल’, म्हणजे कडक बंदोबस्ताची अंडाकृती कोठडी, हा शब्द घरोघरी पोचला. राज्यात फाशीची सोय असलेली कारागृहं दोनच, एक येरवडा आणि दुसरं हे. वर्धा रोडनं रहाटे कॉलनीकडे जाताना १८६४ सालच्या या कारागृहाच्या भिंतीकडे कुणी मान वळवत नाही.

आतल्या बहुतेकांची बातमी होतच नाही. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, आणि त्यातली शंभरातली पंचाहत्तरहून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचाय असे. त्यांच्याकडे बाहेरून येतं कोण? घरचे मुलाखतीला येतात, जमेल तेव्हा. वकील येतो, फी पोचली असेल तर. आणि येतात धर्माची माणसं: विपश्यनावाले, ब्रह्माकुमारी, कीर्तनकार, मौलवी आणि फादर-सिस्टर. या शेवटच्या मंडळींबद्दल आपल्याकडे कुतूहलापेक्षा संशय जास्त, म्हणून हा आढावा त्यांच्यापुरता.

तुरुंगातलं प्रवचन मराठी माणसाला परकं नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, साने गुरुजी ते उतरवून घेत, आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. पण त्या श्रोत्यांनी तुरुंग आपणहून पत्करला होता. मोबाइलचोरीत सापडलेला विशीतला पोरगा तसा श्रोता नाही. त्याला बराकीतून बाहेर यायला मिळतं, पंख्याखाली तासभर बसायला मिळतं, नाताळ असेल तर केकचा तुकडा मिळतो. तो ऐकेल. कंटाळला तरी उठून जाणार कुठे? तुरुंगातल्या कुठल्याही धर्मसेवेची अडचण इथून सुरू होते.

ख्रिस्ती मिशनचा इथला इतिहास या बाबतीत सरळ नाही. साल्व्हेशन आर्मीचा बूथ-टकर सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईत उतरला. हा माणूस पूर्वी सनदी नोकरीत होता. नोकरी सोडून, भगवी वस्त्रं घालून, ‘फकीर सिंग’ नाव घेऊन वाजतगाजत रस्त्यावरून निघाला, म्हणून १८८३ मध्ये मुंबईच्या तुरुंगात महिनाभर बसला. पण याच साल्व्हेशन आर्मीनं पुढे ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहती चालवायला घेतल्या. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. १८७१ पासूनच्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली कुटुंबं, भोवती काटेरी तार, रोजची हजेरी, गिरणीत काम, मुलांना शाळा आणि रविवारी प्रार्थना. शाळा चांगली होती हे मान्य. पण शाळा चालवणाराच हजेरी घेत असेल तर प्रार्थनेला बसलेला माणूस कशासाठी बसलाय, हे देवालाच ठाऊक. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. तरी त्यातल्याच पारधी समाजातल्या तरुणाला आजही पोलीस आधी उचलतात आणि मग विचारतात.

आजचं काम निराळ्या मुळातून आलंय. १९८१ मध्ये कोट्टायमच्या सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणांनी कैद्यांना भेटायला सुरुवात केली, त्यातून ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ उभी राहिली. कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय मंडळाची तिला मान्यता आहे. तिचा आश्रयदाता संत म्हणजे मॅक्सिमिलियन कोल्बे. ऑशविट्झमध्ये दुसऱ्या एका कैद्याच्या जागी मी मरतो, असं सांगून पुढे आलेला पोलिश फादर. १४ ऑगस्ट १९४१ ला त्याला मारलं. म्हणून ऑगस्टमधला एक रविवार चर्चमध्ये तुरुंगसेवेचा म्हणून पाळतात.

कामाची रीत सगळीकडे साधारण एकच. अधीक्षकांची लेखी परवानगी, नावांची यादी, आधारच्या झेरॉक्स, गेटवर मोबाइल जमा, झडती, सोबत शिपाई. आत गाणी, एखादा उतारा, थोडं बोलणं. जाताना साबण, टूथपेस्ट, चपला. म्हाताऱ्या पक्क्या कैद्याला बायबलपेक्षा वाचायचा चष्मा हवा असतो आणि महिला विभागात पॅड. सहा वर्षांखालची पोरं आईसोबत आत राहतात, त्यांच्यासाठी खेळणी. इंग्लंडात १९५२ च्या कायद्यानं प्रत्येक तुरुंगाला सरकारी पगारी चॅप्लेन असावाच लागतो. आपल्याकडे तसं पद नाही. येणारा आपल्या खर्चानं येतो आणि परवानगी नाकारली तर मुकाट परत जातो. माझ्या मते हे बरंच आहे. पगारी पाद्री शेवटी तुरुंगाचाच माणूस होतो, सोलापुरात झाला तसा.

संशयाचा धागा तर नागपुरातूनच निघतो. मध्य प्रदेशाची राजधानी इथे होती तेव्हा, १९५४ मध्ये, सरकारनं निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करून तिनं एप्रिल १९५६ मध्ये अहवाल दिला: शाळा आणि दवाखाने ही धर्मांतराची साधनं आहेत. अहवालाची शाई वाळते न वाळते तोच, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, याच शहरात बाबासाहेबांनी लाखोंसह धर्म बदलला, आणि तो कुणाच्या आमिषानं नव्हता. दीक्षाभूमी तुरुंगापासून फार लांब नाही. धर्म बदलणं हा माणसाचा स्वतःचा विचार असू शकतो, हे नागपूरला तरी वेगळं सांगायला नको. मात्र दीक्षाभूमीवर आलेला माणूस चालत आला होता आणि त्याला परत जाता येत होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या ‘नेल्सन मंडेला नियमां’तला पासष्टावा नियम या गोष्टीची दखल घेतो. कैद्याला आपल्या धर्माचा प्रतिनिधी भेटू द्यावा, पण त्यानं नको म्हटलं तर त्या नकाराचा पूर्ण मान राखावा. कागदावर चोख आहे. व्यवहारात नकाराची किंमत शून्य व्हायची असेल तर चपला आणि चष्मा गाण्याआधी वाटले पाहिजेत, आणि प्रार्थनेला न आलेल्यालाही मिळाले पाहिजेत.

पण खरं काम गेटच्या बाहेर आहे. गडचिरोलीकडचे आदिवासी आरोपी नागपूरच्या तुरुंगात नेहमीच असतात. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. माडिया बोलणाऱ्या बापानं दोन एसट्या बदलून यायचं, तारखेला वकील गाठायचा. जामीन झाला तरी माणूस सुटत नाही. जामीनदार हवा, त्याचा सातबारा किंवा घराची टॅक्स पावती हवी, सॉल्व्हन्सी हवी, रेशनकार्ड हवं, फोटो हवेत. त्यात ‘स्थानिक जामीनदार’ म्हटलं की संपलंच. सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ ला स्थानिक जामीनदाराची अट घालू नये असं सुचवलं. महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर अट सैल करण्याचा विचार व्हावा, असंही म्हटलं. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना काढली: कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, दंडासाठी २५ हजारांपर्यंत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या आरोपीनं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडावं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. हे सगळं आहे. फक्त ते त्या पोराला सांगणारं, तारखा मोजून अर्ज करायला लावणारं, गावच्या सरपंचाला फोन लावणारं कुणी नसतं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून हेच करतो, समाजकार्यकर्त्यांकरवी, देवाचं नाव न घेता. तुरुंगसेवेतल्या स्वयंसेवकांनी त्यांच्याकडून शिकावं असं पुष्कळ आहे.

उलट, ‘प्रयास’च्या फाइलीत न मावणारी गोष्टही आहे. नागपूरच्या वायव्येला, इंदूरकडे, २५ फेब्रुवारी १९९५ ला सिस्टर राणी मारिया यांना समंदर सिंगनं बसमधून ओढून काढून भोसकलं. सावकारांच्या आड येत होत्या म्हणून. जन्मठेप झाली, बायको सोडून गेली. स्वामी सदानंद हे ख्रिस्ती फादर त्याला तुरुंगात भेटत राहिले, त्याचं मन निवेपर्यंत. ऑगस्ट २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिनं त्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबानं त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले. २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळात जाऊन तिच्या आईवडिलांना भेटला. कुठलीही योजना हे करू शकत नाही, आणि कुणावर हे लादताही येत नाही. बळीच्या घरच्यांनी माफ करावं अशी अपेक्षा ठेवणारा धर्मोपदेशक मला नको वाटतो. सेल्मी पॉल आपणहून गेली.

आणि स्टॅन स्वामी. झारखंडमधल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी कोर्टात झगडणारे जेझुइट फादर, ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतः तळोज्याच्या तुरुंगात आले. कंपवातानं पेला धरवत नव्हता, म्हणून सिपर आणि स्ट्रॉ मागितली; तपास यंत्रणेनं उत्तर द्यायला वीस दिवस मागून घेतले. ५ जुलै २०२१ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते कच्चे कैदी म्हणूनच गेले.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी चर्चमध्ये वर्गणी जमते. तिच्यातून यंदा बायबलं कमी घ्यावीत आणि नागपूरला मुलाखतीसाठी येणाऱ्या घरच्यांचं एसटीभाडं द्यावं, मग ते कुठल्याही देवाचे असोत. आणि बाकांवर बसणाऱ्यांपैकी ज्यांची घरं स्वतःच्या नावावर आहेत, त्यातल्या निदान चार-पाच जणांनी टॅक्स पावती घेऊन एखाद्या अनोळखी पोराचे जामीनदार व्हावं. त्याला वर्गणीपेक्षा जास्त छाती लागते. पोरगा तारखेला आला नाही तर नोटीस आपल्या दारावर येते.