जळालेल्या नाट्यगृहाचा मालक कोण?

भिवंडीत राहणाऱ्याला आगीची बातमी नवी नसते. कधी गोदाम पेटते, कधी यंत्रमागाचा कारखाना. धूर विरतो, पंचनामा होतो, विम्याचे कागद फिरतात आणि पुढे त्याच जागी नवा पत्रा चढतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पेटले, तेव्हा मात्र बातमी अशी मिटली नाही. दुसऱ्या दिवशी काळवंडलेल्या भिंतींपुढे कलावंत आणि साधे प्रेक्षक रडत होते. इमारत महापालिकेची, मग हे कोणाचे काय जळाले म्हणून रडत होते? या प्रश्नाचा माग काढताना मला कोल्हापूरबरोबरच प्रागलाही जावे लागले.

आपले नाटक बराच काळ बिनघराचे होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते संस्थानिकांच्या आश्रयाने. पुढे नाटक मंडळी गावोगाव फिरू लागल्या. वाडा, धर्मशाळा किंवा तात्पुरता मांडव हेच त्यांचे थिएटर. मुंबईत ग्रँट रोडला १८४६ पासून नाट्यगृह होते आणि भाव्यांनी १८५३ मध्ये तिथेही खेळ केले. पण असे पक्के छप्पर मोठ्या शहरापुरतेच. पडदे आणि कपडे पेटाऱ्यांत घालून मंडळी पुढच्या मुक्कामी निघत.

अशा काळात राजर्षी शाहू महाराजांनी नाटकासाठी दगडी घर बांधले. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते १९०२ साली युरोपात गेले असता रोममधील प्राचीन क्रीडागारे त्यांनी पाहिली होती. परतल्यावर खासबागेत कुस्तीचे गोल मैदान उभे राहिले आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात ‘पॅलेस थिएटर’. तालीम आणि नाटक, अंगाची कसरत आणि गळ्याची, पाठीला पाठ लावून बसली. महाराजांना या दोन्हींत उच्च-नीच वाटत नव्हते, हे त्या जागेच्या रचनेतच दिसते. त्यांच्या आश्रयामुळे अल्लादियाखाँसारखे गवई कोल्हापुरात स्थिरावले होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. नाट्यगृह त्या साऱ्याच्या मधोमध आले.

केशवराव भोसले याच मातीतले. ९ ऑगस्ट १८९० चा जन्म, लहान वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत ‘शारदा’ची भूमिका करून नाव झाले, १९०८ साली, अठराही पुरी नसताना, त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा खेळ झाला. त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. पुढे पॅलेस थिएटरला त्यांचे नाव मिळाले. राजवाड्याचे नाव पुसून नटाचे नाव लागणे, हा मला त्या वास्तूच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल वाटतो. आणि आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री.

आता प्राग. ऑस्ट्रियन साम्राज्यात तिथे जर्मन भाषेचे वजन मोठे. चेक भाषेतील नाटक-संगीताला स्वतःचे भव्य घर हवे, म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे वर्गणी गोळा केली. १६ मे १८६८ रोजी पायाभरणी झाली, तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतून पायाचे दगड आणले होते. योसेफ झीतेकने रचलेले हे राष्ट्रीय नाट्यगृह ११ जून १८८१ रोजी स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने उघडले. दोनच महिन्यांनी, १२ ऑगस्टला, छतावर काम चालू असताना आग लागली आणि घुमट, प्रेक्षागृह, रंगमंच सारे गेले.

पुढची गोष्ट प्राग अजून अभिमानाने सांगते. अवघ्या ४७ दिवसांत दहा लाख गुल्डन जमले. बादशहापासून गरिबापर्यंत सगळ्यांनी दिले. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी ‘लिबुशे’नेच पडदा पुन्हा वर गेला, आता विजेच्या दिव्यांत. रंगमंचाच्या कमानीवरील अक्षरांचा अर्थ आहे, ‘राष्ट्राकडून स्वतःसाठी’. मधल्या काळात, डिसेंबर १८८१ मध्ये, व्हिएन्नाचे रिंगथिएटर जळून शेकडो प्रेक्षक मेले आणि रंगमंच व प्रेक्षागृह यांमध्ये लोखंडी पडदा असावा, हा आग्रह युरोपभर धरला गेला. लाकूड, कापड, रंग आणि उष्ण दिवे एका छपराखाली आणणारी नाट्यगृहासारखी दुसरी इमारत नाही. एखाद्या कापडाच्या गोदामाइतकेच ते ज्वालाग्राही असते, हे आम्हा भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको.

दोन्ही आगी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. प्रागचे नाट्यगृह लोकांच्या पैशाचे होते, म्हणून जळल्यावर लोकांनी पुन्हा खिशात हात घातला. कोल्हापूरचे राजाने दिले, पुढे ते महापालिकेकडे आले. म्हणून जळल्यावर लोकांनी शासनाकडे पाहिले. शासनाने निधी जाहीरही केला, मूळ रूपातच उभारायचे ठरले. यात गैर काही नाही. स्वातंत्र्यानंतर मराठी रंगभूमीला घर मिळाले ते मुख्यतः पालिकांमुळेच. पुण्यात १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी झालेले रंगमंदिर १९६८ साली उघडले, ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली. आम्ही भिवंडीकर त्या गडकरीच्या जिवावर नाटके पाहिलेली माणसे.

पण सार्वजनिक मालकीत एक धोका असतो. जे सगळ्यांचे, त्याच्याकडे रोज कोण पाहणार? वायरिंग जुने झाले का, पाण्याचा नळ चालतो का, बाहेर पडायचे दार मोकळे आहे का, हे प्रश्न तिकीट काढणारा कधी विचारत नाही. मीही कधी विचारलेले नाहीत. खुर्ची मोडकी निघाली की कुरकुरलो आणि पडदा उघडताच विसरलो.

कोल्हापूरच्या दगडी भिंती आगीतून वाचल्या. जे गेले ते छप्पर, रंगमंच आणि खुर्च्या. हे सारे पैशाने परत येते. त्या पहाटे रडणाऱ्यांचे जे गेले त्याचा पंचनामा होत नाही. कोणाचे तिथे पहिले पदार्पण झाले होते, कोणी वडिलांच्या मांडीवर बसून पहिले नाटक पाहिले होते. कागदावर मालक महापालिका असली, तरी खरे वारस ते होते. प्रागकरांनी ते वारसपण वर्गणीच्या पावतीने सिद्ध केले, कोल्हापूरकरांनी डोळ्यांतल्या पाण्याने. नवे नाट्यगृह उभे राहील तेव्हा ते रोजच्या देखरेखीने सिद्ध करावे लागेल. आणि ते फक्त कोल्हापुरात नव्हे.