बोट धरू द्या, ओढू नका



उसाच्या टिपरीपाशी पाणी साचून राहिले तर ती कुजते, हे आपणाला कोणी शिकवावे लागत नाही. मायेचेही तसेच आहे, हे मात्र आम्हाला गेल्या हंगामात एका पाच वर्षांच्या पोरीने शिकवले.

पोर जन्मापासून अंध. आई वारली, घरी सांभाळणारे कोणी उरले नाही. बालकल्याण समितीच्या आदेशाने ती आपल्या एका सभासदाकडे, दूरच्या नात्यातल्या मामा-मामींच्या घरी आली. नाव-गाव आम्ही मुद्दाम देत नाही.

आम्ही प्रथम गेलो तेव्हा पोर सोप्याच्या कोपऱ्यात पोत्यावर बसलेली. मामी घास भरवीत होत्या. शेजारणी "देवानं असं कसं केलं गं" म्हणून डोळ्यांना पदर लावीत होत्या आणि पोर ते सगळे ऐकत होती. मामी म्हणाल्या, "परसात हीर, गोठ्यात जनावरं. पडली-बिडली तर लोक म्हणतील, दुसऱ्याची पोर म्हणून लक्ष दिलं न्हाई." त्यांचे भय काही खोटे नव्हते.

अंध मुलांना शिकवणारे एक गुरुजी घरी आले. ते म्हणाले, "आधी विहिरीवर जाळी टाका, मग पोरीला मोकळी सोडा." पुढच्या गोष्टी साध्याच होत्या. अंगाला हात लावण्याआधी आपले नाव सांगा. उठून जाताना "जातो" म्हणा, नाहीतर ती रिकाम्या जागेशी बोलत बसते. घागर, ताट, चपला यांची जागा बदलू नका. "तिकडं आहे" म्हणू नका. "उजव्या हाताला, दोन पावलांवर" असे सांगा. चालताना तिला ओढू नका. तिने आपले बोट धरावे, आपण अर्धे पाऊल पुढे असावे. एकटी चालेल तेव्हा हाताची पाठ भिंतीला घासत जाऊ द्या. आणि घास तिचा तिला घेऊ द्या, सांडला तर सांडला.

पंधरा दिवसांत पोर उंबऱ्याला अडखळून पडली. मामी धावल्या, पण मामांनी त्यांना थांबवले. पोर रडली, मग चाचपडत उंबरा शोधून म्हणाली, "हितं हाय व्हय ह्यो!" त्या उंबऱ्याला ती पुन्हा अडखळली नाही.

हंगाम सुरू झाला तसे तिला नवेच काम मिळाले. चाकांच्या आणि घुंगरांच्या आवाजावरून गाडी भरली की रिकामी, ते ती सांगते. भोंगा झाला की "मामा, पाळी सुटली!" म्हणून ओरडते. गोठ्यात मामांना पाण्याचा तांब्या तीच नेऊन देते. अर्धे पाणी वाटेत सांडते. मामा उरलेले अर्धे पितात आणि म्हणतात, "आता भागली बघ तहान."

अंधांची लिपी शोधणारे लुई ब्रेल 1809 साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मले. वडील घोड्याचे जीन-खोगीर करणारे कारागीर. त्यांचीच आरी लागून लहानपणी लुईचा डोळा गेला, पुढे दुसराही गेला. पण बापाने पोराला घरात कोंडले नाही. काठ्या करून दिल्या आणि गावात फिरू दिले. त्याच मुलाने 1824 च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. आज मराठीही त्याच ठिपक्यांनी वाचली जाते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांच्या पात्र मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी सरकारी दवाखान्यातून दिव्यांगत्वाचा दाखला काढून ठेवावा.

आपल्या वस्तीवर, किंवा ऊसतोड टोळीच्या कोपीत, असे एखादे मूल कोपऱ्यात बसून असेल तर गट कार्यालयात जरूर कळवा. आणि त्याला भेटाल तेव्हा हळहळू नका. आपले नाव सांगा, बोट पुढे करा, आणि ते धरायचे की नाही हे त्याला ठरवू द्या.