अब्बांचा कॅमेरा

अब्बांच्या पश्चात कपाटातून दोन कॅमेरे निघाले. ‘विकून टाकू,’ म्हणत मी एक उघडला. आत रोल होता! उजेड लागला, फोटो गेले. कदाचित अम्मीचेही.

दुसरा आग्फा क्लिक थ्री. मागच्या लाल खिडकीत 7 आकडा. म्हणजे बारापैकी निदान सहा फोटो काढलेले. असा कॅमेरा उघडू नये. रोल शेवटपर्यंत गुंडाळावा, अंधाऱ्या जागी काढावा, चिकटपट्टीने बंद करून धुवायला द्यावा. कॅमेरा चामडी कव्हराबाहेर ठेवावा. कव्हरात ओल धरते, भिंगावर बुरशी चढते.

120 चा रोल आजही मिळतो, त्यामुळे हा कॅमेरा वापरताही येईल. विकायचा की ठेवायचा, ते नंतर ठरवू. आधी अब्बांनी काय पाहिलं होतं, ते तर पाहू.