बोटाखालचा महाराष्ट्र

नदीसाठी दोरा, सीमेसाठी सुतळी, डोंगरासाठी पॉलिश पेपर. अंध मुलांसाठी नकाशा करायला बसलं की टेबलावर आधी हे सामान येतं. जाड पुठ्ठ्यावर सगळं चिकटवून जो मूळ नकाशा तयार होतो त्याला आम्ही मास्टर म्हणतो. मास्टर थर्मोफॉर्म यंत्रात ठेवायचा आणि त्यावर प्लॅस्टिकचा पातळ ताव घालायचा. वरच्या उष्णतेने ताव मऊ होतो, खालून हवा ओढली जाते आणि काही सेकंदांत मास्टरवरचा प्रत्येक उंचवटा तावावर उठतो. एका मास्टरवरून अशा पुष्कळ प्रती निघतात. मास्टरमध्ये थर्माकोल चालत नाही, ते वितळतं. पुठ्ठ्याला बारीक छिद्रंही पाडावी लागतात, नाहीतर कडेकोपऱ्यात हवा अडकून राहते आणि दोरा तावावर नीट उमटत नाही.

हा झाला हस्तकौशल्याचा भाग. खरा वेळ जातो तो त्याआधी, काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवण्यात.

छापील नकाशाच्या रेघा उचलून दिल्या की झालं, असं अनेकांना वाटतं. डोळा सगळं पान एकदम पाहतो आणि मग हवं ते शोधतो. बोटाला एका वेळी दीडेक सेंटिमीटरचा तुकडा कळतो. त्याच्या पुढेमागे काय आहे हे हात फिरवून, लक्षात ठेवून, मनात जोडावं लागतं. आमचा ताव साधारण ब्रेल पानाच्या मापाचा, म्हणजे २८ सेंटिमीटर रुंद. त्यात पूर्व-पश्चिम जवळपास ८०० किलोमीटर पसरलेला महाराष्ट्र बसवायचा, तर एका सेंटिमीटरला सुमारे ३० किलोमीटर पडतात. ब्रेलचं एक अक्षर सहाएक मिलिमीटर उंच असतं. या मापात मुंबई शहर जिल्हा एका अक्षराखालीही पुरत नाही. ३६ जिल्ह्यांच्या सीमा एका तावावर उठवल्या, तर हाताखाली नुसता खरबरीतपणा येतो.

म्हणून एका छापील नकाशाचे आम्ही चार-पाच ताव करतो. एकावर फक्त राज्याचा आकार आणि शेजारची राज्यं, दुसऱ्यावर नद्या, तिसऱ्यावर डोंगर, मग विभागवार जिल्हे. कोकणचा ७२० किलोमीटरचा किनारा बराचसा सरळ करून घेतो. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या नद्यांच्या तावावर नसतात. हे काढताना जिवावर येतं, विशेषतः त्या खाड्यांच्या काठी वाढलेल्या माणसाच्या. पण खाडीचा प्रत्येक दात बोटाला थांबवतो, आणि इथे बोटाने नदीमागे जायचं असतं.

नावांचाही प्रश्न असतो. पूर्ण नाव तावावर मावत नाही, म्हणून दोन अक्षरांची खूण लिहून सूची वेगळ्या पानावर देतो. पहिलं अक्षर घ्यावं, तर नाशिक, नागपूर आणि नांदेड तिन्ही ‘ना’वर येऊन थांबतात. मग नश, नग, नड. मुलांना हे चटकन पाठ होतं.

मास्टर तयार झाला की तपासणी. त्या वेळी आम्ही एक नियम कसोशीने पाळतो. मुलाचा हात धरून बोट फिरवायचं नाही. ‘इथे बघ, ही गोदावरी’ असं म्हणून हात ओढला की मुलाला नदीऐवजी आपला हात कळतो. ताव पुढे ठेवायचा, वरचा उजवा कोपरा कापलेला आहे एवढं सांगायचं, म्हणजे उत्तर कुठे ते ठरतं, आणि गप्प बसायचं. सरावलेली मुलं डावा हात एका जागी खूण म्हणून ठेवतात आणि उजव्याने शोध घेतात.

नद्यांच्या तावावर सातवीतली एक मुलगी त्र्यंबकेश्वरापासून निघाली, पैठण ओलांडून नांदेडपर्यंत बिनचूक गेली आणि तिथे तिचं बोट राज्याच्या सीमेवर चढून दक्षिणेकडे चालू लागलं. थोडं पुढे जाऊन तिने विचारलं, “ताई, नदी इथे जाड का झाली?” गोदावरी नांदेड जिल्ह्यातून तेलंगणात जाते आणि गडचिरोलीत सिरोंचाजवळ पुन्हा महाराष्ट्राला येऊन भिडते. तिथे तीच राज्याची सीमा होते आणि तिथेच प्राणहिता तिला मिळते. छापील नकाशात निळी रेघ आणि काळी तुटक रेघ वेगळ्या दिसतात. तावावर दोरा आणि सुतळी एकमेकांना भिडले की कोण कुठे गेलं हे बोटाला कळायला मार्गच नसतो.

स्पर्शचित्रांचा सर्वमान्य उपाय असा, की दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे कमी महत्त्वाची रेषा तोडायची आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडायची. तो नांदेडजवळ लागू पडला, सिरोंचाला पडेना, कारण तिथे छेद नाही, दोन्ही रेषा एकच आहेत. शेवटी सीमेची सुतळीच काढून टाकली. राज्याचा आकार पातळ पुठ्ठ्यातून कापून खालच्या पुठ्ठ्यावर चिकटवला. आता राज्य म्हणजे किंचित उंच सपाट भाग आणि त्याचा काठ म्हणजे सीमा. नदी काठावरून खाली उतरली की राज्याबाहेर गेली, आणि दक्षिण-पूर्वेला ती काठालाच चिकटून वाहते. मुलांना हे सांगावं लागलं नाही.

दुसरा प्रश्न एका मुलाचा. नदी कुठून कुठे वाहते हे कसं ओळखायचं? आम्ही उगमाजवळ दोऱ्याचा एक पदर ठेवला, पुढे दोन, मग तीन. वर्धा आणि वैनगंगा दोन-दोन पदरांच्या येतात आणि त्यांची प्राणहिता तीन पदरांची होते. याच तावावर त्याने गोदावरी आणि तापी एकामागून एक चाचपल्या आणि म्हणाला, “तापी उलटी जाते.” मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून जळगाव, धुळे, नंदुरबार करत ती पश्चिमेला सुरतेकडे जाते, हे वाक्य त्याने आधी पाठ केलेलं होतं. आता त्याला ते माहीत झालं. त्यानंतर वर्गात सह्याद्रीचा ताव काढायचा हट्ट त्यानेच धरला, कारण गोदावरी समुद्राच्या एवढ्या जवळ उगम पावून तिकडे पाठ का फिरवते, हे त्याला शोधायचं होतं.

पाठ्यपुस्तकाचा मजकूर ब्रेलमध्ये आणण्याचं काम नकाशापेक्षा सोपं वाटतं, पण त्यातही खाचाखोचा आहेत. भारतीय भाषांसाठी सामाईक भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारली गेली. ब्रेलच्या सहा ठिपक्यांच्या घरात मराठीची सारी वर्णमाला बसते. मात्रेला स्वतंत्र घर लागतं आणि जोडाक्षरात हलन्ताची खूण अर्ध्या अक्षराच्या आधी येते. ‘पुस्तक’ लिहायला सहा घरं लागतात. ‘मऊ’ लिहिताना म आणि ऊ यांच्यामध्ये अ घालावाच लागतो, नाहीतर बोट ‘मू’ वाचतं. संगणक हे रूपांतर करतो, पण जुन्या पुस्तकांच्या फाइली युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये असल्या की आधी त्या सरळ कराव्या लागतात, आणि तिथे रफार, ऱ्हस्व वेलांटी, ‘ऱ्या’ हमखास विस्कटतात. म्हणून मुद्रितशोधन दोघांनी करायचं. आमचे अंध तपासनीस सर ब्रेल प्रत बोटांनी मोठ्याने वाचतात, समोरचा छापील पुस्तकावर नजर ठेवतो. सर ज्या वेगाने चुका पकडतात, तो डोळसांच्या मुद्रितशोधनात मी पाहिलेला नाही.

‘चित्र पाहा व उत्तरे लिहा’ हे वाक्य आलं की मात्र काम थांबतं. सोपा मार्ग म्हणजे प्रश्न वगळणे आणि तशी टीप टाकणे. परीक्षेत आकृतीऐवजी पर्यायी प्रश्नाची सोय असते, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. मला ही सवय मनापासून चुकीची वाटते. गुण मिळतात, पण मुलगा फुलाचा छेद, विद्युत परिपथ, वर्तुळाची स्पर्शिका यांना हात न लावता दहावी होतो आणि पुढे विज्ञान नको म्हणतो, आणि मग त्याला विज्ञान झेपत नाही असं आपणच म्हणतो. फुलाला चित्रच हवं असं नाही. जास्वंदीचं खरं फूल हातात दिलं तर पुंकेसर-स्त्रीकेसर चित्रापेक्षा नीट कळतात, त्यानंतर उठावाची आकृती. परिपथाला उलट आकृतीच लागते, कारण परीक्षेत आणि पुढे कामात तीच भाषा आहे. भूमितीत रबराच्या पाटीवर प्लॅस्टिकचा ताव घालून टोकदार पेनाने रेघ ओढली की ती तिथल्या तिथे उठते. मुलं स्वतः आकृती काढू शकतात, आणि ती संधी त्यांना आपण फार कमी देतो.

अंधुक दिसणाऱ्या मुलांची गरज निराळी. मोठा ठसठशीत टाइप, न चमकणारा कागद, गडद-फिक्याचा ठळक फरक. म्हणून आता तावावर रंगही छापावा असं आमच्यात चाललं आहे. तसा ताव शेजारी बसणाऱ्या डोळस मुलालाही वापरता येतो.

मोबाइल बोलतो, आता ब्रेल कशाला, असं पालक विचारतात. मोबाइल हवाच. मुलं त्यावर भराभर पुस्तकं ऐकतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर अशा प्रती करायला दर वेळी प्रकाशकाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे ऐकायलाही पुष्कळ आहे. पण नुसतं ऐकणाऱ्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतली वेलांटी कधी भेटत नाही, आणि गणितातला अपूर्णांक ऐकून सोडवणं हे मोठ्या माणसालाही जड जाईल. नकाशा तर ऐकताच येत नाही.

सध्या पर्जन्यमानाचा ताव हातात आहे. छापील नकाशात निळ्याच्या पाच छटा आहेत. पाच वेगवेगळे पोत लावून पाहिले तर मुलं तीनच ओळखतात, त्यामुळे पट्टे तीनच ठेवले. सोबत समुद्रापासून महाबळेश्वरमार्गे माण तालुक्यापर्यंतचा उभा छेद करतो आहोत. समुद्र, एकदम चढणारा घाट, मग पूर्वेचा लांब उतार आणि पर्जन्यछायेचा कोरडा भाग. घाटाची उंची खऱ्या प्रमाणात ठेवली तर ती बोटाला लागतच नाही, म्हणून वाढवली आहे, आणि किती वाढवली ते सूचीत लिहिलं आहे. सातवीच्या मुलांनी आणखी एक मागणी केली आहे: छेदावर त्यांची शाळा कुठे येते ते दाखवा. शाळेगणिक ती जागा बदलणार, म्हणून मास्टरवर सरकवता येईल अशी एक टाचणी बसवायची आहे. उष्णतेत टिकेल आणि बोटाला टोचणार नाही अशी टाचणी शोधणं चालू आहे.