पोटरीतलं दुसरं हृदय

दोस्तांनो, तुमचे बाबा दादरला कल्याण लोकलमध्ये चढले आणि डोंबिवलीपर्यंत उभ्यानेच आले, की घरी आल्यावर त्यांचे पाय नीट बघा. मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल खूण दिसेल. आईच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ दिसेल. सकाळी तर मोजे आणि चप्पल बरोबर बसत होते! मग संध्याकाळपर्यंत पाय जाड कसे झाले?

हृदय म्हणजे आपला पंप. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देतं आणि जवळजवळ ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे मिनिटभरात एक फेरी पुरी! कल्याणला जशी एक लाइन कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे जाते, तसे रोहिण्यांना फाटे फुटत जातात. शेवटच्या केशवाहिन्या तर इतक्या बारीक, की तांबड्या पेशी त्यातून एकामागे एक रांगेनेच जातात.

जाणं सोपं, पण परत येणं कठीण. पायातलं रक्त वर चढवायचं, आणि हृदयाचा जोर तर इथवर येताना ओसरलेला! म्हणून परतीच्या नळ्यांना, म्हणजे नीलांना, आत झडपा असतात. रक्त वर जाऊ शकतं, खाली येत नाही. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू नीला पिळतात आणि रक्त वर चढतं. पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट. केशवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपतं. रक्तात परत न गेलेलं हे पाणी लसिकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या बुडाशी पुन्हा रक्तात सोडतात. दिवसाला किती? सुमारे ३ लिटर! वाटेत लसिकाग्रंथींच्या चौक्या असतात. तिथे रोगजंतू अडवले जातात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना? ती चौकीवरची लढाईच.

लसिकेला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांचं हळूहळू आकुंचन आणि स्नायूंची हालचाल, यावरच तिचा कारभार. गर्दीत तासभर पाय हलवायलाही जागा नसली, की पाणी घोट्यापाशी साचतं. झालं, मोजा घट्ट!

ही सूज रात्रीत उतरते. पण लसिकावाहिन्याच खराब झाल्या तर? हत्तीरोगात तसंच होतं. त्याचे जंत लसिकावाहिन्यांत राहतात. त्यांची पिल्लं बहुधा रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचा नमुनाही रात्री घेतात. तुंबलेल्या गटारात वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवतो. सूज दिसायला कित्येक वर्षं लागतात आणि मग ती पुरती जात नाही. भारतात २००४ पासून हत्तीरोगाच्या भागांत वर्षातून एकदा गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मुलांना ती ठाऊक असेल. धडधाकट माणसांनाही गोळ्या का? कारण जंत आधी येतात, सूज मागाहून.

तेव्हा आईबाबांना सांगा: गाडीत उभं असताना मधूनमधून टाचा उचला, चवडे हलवा. घरी आल्यावर पाय उशीवर ठेवून पडा. मात्र एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा सकाळीही सूज उतरली नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा.